स्वराने मारलेली उडी

तुम्हाला सांगतेय खरी, पण तुम्हालाच का, हे मलाही नीट माहीत नाही. नवऱ्याला यातलं अर्धं माहीत आहे, सासूला त्याहून थोडं जास्त. सगळं असं कोणालाच ठाऊक नाही. आणि जिला सगळ्यात आधी कळायला हवं होतं, तिला तर — असो, तिथे येतेच मी.

खांदा कॉलनीत आमचं वन बीएचके आहे. नवरा तळोज्याला केमिकल कंपनीत शिफ्टला जातो, मी घरी शिकवण्या घेते, पहिली ते चौथी. मुलांशी माझं चांगलं जमतं असं लोक म्हणतात. नवीन मूल आलं की त्याच्या आईला मी बजावते, काही आजार, काही त्रास असेल तर लपवू नका हं, मला आधी सांगा. हे म्हणताना माझी जीभ जरासुद्धा अडखळत नाही. कमाल आहे की नाही?

माझी मुलगी स्वरा तेव्हा पहिलीत होती. जेवताना ती मध्येच थांबायची. घास हातात, डोळे उघडे, आणि हाक मारली तर ओ नाही. काही क्षणांनी पुन्हा जेवायला लागायची, जणू मधे काही घडलंच नव्हतं. लक्ष नाही म्हणून मी आधी रागावले, एकदा पाठीत धपाटाही घातला. मग डॉक्टर झाले, डोक्याला वायरी लावून तपासणी झाली, आणि कळलं की ही फिट आहे. हातपाय झाडत नाही, तोंडाला फेस नाही, पण फिटच. बहुतेक मुलांची मोठेपणी जाते, डॉक्टर म्हणाले. मग दोन गोष्टी बजावल्या — या औषधाने ती चिडखोर होईल, आणि शाळेत सांगून ठेवा.

मी मान हलवली. शाळेत सांगितलं नाही.

मुलगी होती ना. फिट येणारी मुलगी, हे एकदा कॉलनीत झालं की झालं. पुढे स्थळं बघायला लागलो की कोणीतरी बरोब्बर त्यांच्या कानावर घालणार. दुधाचे दात न पडलेल्या पोरीच्या लग्नाची काळजी करत होते मी. हसा हवं तर. आणि शिकवण्याही होत्या माझ्या. टीचरच्याच घरात असलं काही आहे म्हटल्यावर लोक मुलं पाठवतील का, हेही मनात होतंच.

तुम्हाला वाटेल, सासूने तोंड बंद ठेवायला लावलं असेल. माझ्या बहिणीला हे सांगावं लागलं असतं तर मीही कदाचित सासूवरच ढकललं असतं. पण सासू उरणची, बाजारात मासळी विकून चार पोरं वाढवलेली. ती उलट म्हणाली, "शालेत सांगून ठेव बाय. त्यात लाजायचं काय हाय? पोर कुटं पडली बिडली तर?" मी म्हटलं, सांगते. नवरा म्हणाला, तुला काय योग्य वाटेल ते बघ. म्हणजे अडवलं कोणीच नव्हतं मला.

औषधाच्या बाटलीवरचं लेबल मी खरवडून काढलं आणि स्वराला सांगितलं, हे बुद्धीचं औषध. पुष्य नक्षत्राला सुवर्णप्राशनाचे थेंब पाजायला आमच्याकडे आया पोरांना घेऊन रांगा लावतात, तेव्हा यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी तर नाव विचारलं. त्यांच्या मुलाचं गणित कच्चं होतं. मी म्हटलं, आमच्या गावच्या वैद्यांकडून येतं.

मग शाळेतून तक्रारी सुरू झाल्या. बाई हाक मारतात आणि ही ढिम्म. शुद्धलेखन अर्ध्यात सोडते. मुलं चिडवतात आणि ही चावते. एका मुलीच्या दंडावर दात उमटले होते. मला सगळं कळत होतं — कुठलं आजाराचं, कुठलं औषधाचं. बाईंना काहीच माहीत नव्हतं, आणि तरी त्यांनीच विचारलं. शाळा सुटल्यावर मला थांबवून अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "स्वराची आई, रागावू नका हं. तिला काही त्रास आहे का? काही औषध चालू आहे?"

याहून सोपं कोणी काय विचारणार? हो म्हणायचं होतं फक्त. स्वरा माझं बोट धरून उभी होती आणि मी म्हणाले, "नाही हो बाई. मुद्दाम करते ती. एकुलती एक ना, लाडावलीय. तुम्ही जरा धाक ठेवा."

स्वराने वर बघितलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या थांबण्याच्या वेळचं तिला काहीच आठवत नसे. तेवढा तुकडा तिच्यापाशी नसायचाच. तिथे काय झालं हे दुसरा सांगेल तेच तिचं खरं. आणि मी सांगितलं होतं, मुद्दाम. काही दिवसांनी वेणी घालताना ती मला विचारते, "मम्मी, मी मुद्दाम का करते?"

काय उत्तर दिलं असेल मी? म्हटलं, आता नाही करायचं. आणि वेणी घातली.

एकदा नाही म्हटल्यावर हो कसं म्हणायचं? बाई विचारणार, मग आधी का नाही बोललात. रोज वाटायचं, उद्या सांगू. आणि दर नव्या तक्रारीबरोबर ते आणखी अवघड व्हायचं. बाई गेटवर दिसल्या तर मी पलीकडच्या झेरॉक्सवाल्याकडे उगाच उभी राहायचे. माझं मीच दार लावून घेतलं होतं आणि आत पोरीलाही ओढलं होतं. आणि मी म्हणाले होते तसा बाईंनी धाक ठेवला. वर्गाबाहेर उभं करायला लागल्या तिला, जिन्याजवळ.

तिथून ती पडली.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा बाईंच्या साडीवर रक्त होतं आणि त्या रडत होत्या. हनुवटी फाटली होती पोरीची. टाके घालणाऱ्या डॉक्टरांना मी बाजूला घेऊन फिटचं आणि औषधाचं सगळं सांगितलं. म्हणजे सांगता येत होतं मला! बाहेर आले तर बाई म्हणाल्या, "नुसती उभी होती हो. कशी पडली तेच कळत नाही. मीच उभं केलं तिला."

आणि मी म्हणाले, "उड्या मारते ती जिन्यावरून. घरीही तेच."

स्वरा पट्टी बांधून बाकावर बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे. म्हणाली, "हो बाई. मी उडी मारली. सॉरी."

मी शिकवलं नव्हतं तिला हे. ती मला सांभाळत होती का? नाही, तसंही नव्हतं. तिला खरंच वाटलं की तिने उडी मारली. बाई पुढच्या वर्षी शाळा सोडून गेल्या. का, ते मी कधी विचारलं नाही.

आता स्वरा नववीत आहे. औषध केव्हाच बंद झालं, फिट पुन्हा आली नाही. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. शाळेत हुशार मुलींत नाव आहे तिचं. परवा शिकवणीतल्या एका पोराने तिला हनुवटीवरची खूण कसली म्हणून विचारलं. मग काय, बाईसाहेबांनी रंगवून सांगितलं — मी लहानपणी कसली वांड होते, मुलींना चावायचे, आणि एकदा तर शाळेच्या जिन्यावरून सरळ उडीच मारली. पायऱ्या किती होत्या तेही सांगते ती, हवेत कसं वाटलं तेही. पोरं आ वासून ऐकत होती.

"मम्मीला फार त्रास दिला मी," ती म्हणाली. "दुसरी कोणी असती तर वैतागली असती. हो ना गं मम्मी?"

मी हो म्हणाले.