आबांचं ऑपरेशन

माझे वडील, आबा, सुभेदार म्हणून फौजेतून निवृत्त झाले आणि शिराळ्याजवळ गावी ऊस करू लागले. पंचाहत्तरीत त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, हाडांपर्यंत गेलेला. सांगलीचे डॉक्टर म्हणाले, "हा आजार पुरुषी हार्मोनवर पोसतो. टेस्टोस्टेरॉन बंद करायला लागेल. एक तर दर तीन महिन्यांनी इंजेक्शन, नाहीतर ऑपरेशन करून वृषणं काढायची. मग पुन्हा इंजेक्शन नको."

आबा माझ्याकडं बघायला लागले. मी साताऱ्याला कारखान्यात होतो. दर तीन महिन्यांनी रजा कोण देणार, हेच माझ्या मनात आलं.

"आबा, एकदाच करून टाकू. कटकट न्हाई," मी म्हणालो.

"तू म्हणशील तसं."

असं त्यांनी जन्मात कुणाला म्हटलं नव्हतं.

ऑपरेशननंतर हाडांचं दुखणं थांबलं. डॉक्टर खूश होते. पण भर थंडीत आबांना दरदरून घाम फुटायचा. छातीवरचे केस गेले, दंड उतरले. म्हैस विकली तेव्हा ते हुंदके देऊन रडल्याचं आईनं फोनवर सांगितलं; सांगताना तिचाच आवाज घाबरलेला होता. जुन्या फौजी मित्रांकडं जाणं त्यांनी सोडलं. अंगणात उघड्यानं अंघोळ करणारा माणूस मोरीचं दार लावून घेऊ लागला.

एकदा टॉवेल द्यायला मी ते दार ढकललं. ते झटकन पाठमोरे झाले, दोन्ही हात छातीवर. मला दिसायचं ते दिसलं होतं. छाती बाईसारखी सुटली होती.

"आबा, डॉक्टरला दाखवूया."

"काय दाखवायचं रं? मिसरूड फुटायच्या आधी आरशात बघायचो, कवा मोठा हुतोय म्हणून. आता बघतो तर कोण हाय तेच कळत न्हाई."

मी टॉवेल खुंटीला अडकवून बाहेर आलो.

त्यानंतर आबा चार वर्षं जगले. मला कधी बोल लावला नाही. त्यांनी एकदा तरी शिव्या घालाव्यात, असं मला वाटायचं.

ते गेले हृदयविकारानं. अंगणात पाटावर बसवून अंघोळ घालायची वेळ आली. भावकीतले म्हातारे म्हणाले, "बंडी काढ रं. अंग मोकळं कर."

"न्हाई," मी म्हणालो. "वरनंच पाणी घाला."

"आरं, असं कुठं असतंय?"

मी बंडी दोन्ही हातांनी धरून ठेवली. शेवटी त्यांनी तसंच पाणी ओतलं.