जागेवरच थांबा

आमच्या बसस्थानकावर भोंगाभाऊंचा आवाज म्हणजे हुकूम. गाडी रद्द झाल्याचंसुद्धा ते माइकवरून इतक्या मायेनं सांगतात, की माणसं शिव्या गिळून गुमान बसतात. मी शेजारच्या चौकशीच्या खिडकीत. लोक त्यांचं ऐकतात आणि भांडतात माझ्याशी. नशीब एकेकाचं!

भाऊंचं आजोळ सरहद्दीपलीकडचं, तिकडची भाषा त्यांच्या तोंडात बसलेली. तिथलं सरकार आपल्याच माणसांच्या जिवावर उठलं, तेव्हा त्यांना वाचवायला आपलं सैन्य आत शिरलं आणि दुभाषी म्हणून भाऊ सोबत गेले. जगाच्या पंचायतीनं परवानगी दिली नव्हती. त्यावरून कॅन्टीनमध्ये अजून जुंपते.

“शेजारी पोरांना मारून टाकतायत आणि आपण परवानगी मागत बसायचं?” भाऊ विचारतात.

“मग उद्या कुणीही कुणाचंही दार फोडेल, वाचवायला आलो म्हणून,” मेकॅनिक म्हणतो. “त्याला जाब कोण विचारणार?”

यावर भाऊ हुकमाचं पान टाकतात: नंतर चौकशीला बसलेल्या न्यायाधीशांच्या समितीनंच म्हटलंय, बेकायदा होतं, पण गरजेचं होतं. मलाही ते पटायचं. खरं तर फक्त ‘पण’च्या पुढचंच मी लक्षात ठेवलं होतं.

परवा एक बाई झाडलोटीच्या कामावर नवीन लागली. तिकडूनच आलेली. फलाटाला लागायला एक गाडी उलटी मागे येत होती म्हणून भाऊ नेहमीसारखे माइकवर बोलले, “घाबरू नका, जागेवरच थांबा.” बाईच्या हातातला झाडू गळून पडला. ती थेट आमच्या खोलीच्या दारात आली.

“आमच्या गल्लीत लष्कराच्या गाडीवरच्या भोंग्यातून तुम्हीच बोलत होतात ना?”

भाऊ खुलले. आता ही आभार मानणार, असं मलाही वाटलं. त्यांनी खुर्ची पुढे केली.

ती बसली नाही. “अगदी मामासारखं बोललात. सासरे म्हणत होते, चला निघू. मीच म्हटलं, आपला माणूस सांगतोय, थांबू या. मग तुमची विमानं आली. माझी मुलगी आत झोपली होती.”

भाऊंचं तोंड एवढंसं झालं. आणि अशा वेळी माणूस बोलला काय? “समितीनं म्हटलंय की...”

“कायद्यात बसत होतं की नव्हतं, ते तुमचं तुम्ही बघा. विमानं येणार, हे तुम्हाला माहीत होतं का?”

“नव्हतं.” मग खाली बघत म्हणाले, “मी विचारलंच नाही.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तरी कुठे कधी विचारलं होतं? बाईनं झाडू उचलला. तिचा अर्धा फलाट राहिला होता.

थोड्या वेळानं दुसरी गाडी मागे यायला लागली. भाऊंनी माइक तोंडाशी नेला, “घाबरू नका...” म्हणाले आणि अडकले. फलाटावर सगळे निमूट उभे होते, पुढचं ऐकायला. भाऊ माइक टाकून धावत सुटले. गाडीच्या मागे जाऊन त्यांनी आधी स्वतः पाहिलं, आणि एका म्हातारीला हाताला धरून बाजूला घेतलं.

आता प्रत्येक गाडीला ते असेच धावतात. वाटेत ती बाई झाडत असली, तर मान खाली घालून वळसा घेतात.

“भाऊ, जागा सोडणं नियमात बसत नाही,” डेपो मॅनेजर ओरडले.

“नाही बसत, साहेब,” भाऊ म्हणाले. पुढे ‘पण’ म्हणाले नाहीत.