हळहळीचं इंग्रजी

मेडशीच्या थांब्यावर एसटी चहासाठी थांबली आणि मी घाईघाईने उतरताना शेवटची पायरी चुकवून सरळ जमिनीवर बसले. गुडघा खरचटला, चष्मा उडून कुठेतरी गेला. पण खरं सांगते, माझ्याआधी ते बाकीच्यांनाच लागलं. “आवं माय वं!” पेरूवाली बाई टोपली सोडून उठली. कंडक्टर “अरे बाप्पा!” म्हणत धावला. टपरीवरच्या दोघातिघांनी एकदमच जिभेने “च्च् च्च्” केलं.

“काहून (का) एवढी घाई करून राह्यल्या बाई?” चष्मा आणून देत एक म्हातारे गृहस्थ म्हणाले. “गाडी काय तुमाले सोडून जाते?”

मला हसू आलं. मी निघाले होते ती नेमकी हीच गोष्ट इंग्रजीत शिकवायला. दुसऱ्याला लागलं की तोंडातून काय निघावं, एवढाच माझा अभ्यासक्रम.

माझी कॉलेजातली मैत्रीण मंदा लग्न होऊन रिठदला गेली आणि वऱ्हाडचीच झाली. मी पुण्यात राहून पोरांना इंग्रजी शिकवत म्हातारी झाले. मंदाची सून प्रणिता वाशिमच्या एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. परदेशातल्या एका वृद्धाश्रमात नर्स हव्या होत्या, म्हणून तिने व्हिडिओवर मुलाखत दिली आणि नापास झाली. शेरा असा आला, की हिच्या बोलण्यात रुग्णाविषयी आपुलकी जाणवत नाही. दुसरी संधी मिळणार होती, पण ती शेवटचीच. मंदाने फोन केला तो रागातच. “आपुलकी नाही म्हणे! गावात कोणाले ताप आला तं लोकं डॉक्टरच्या आधी इले बोलावतात. तू ये. तुझ्याबिगर कोणी नाही मले.”

वऱ्हाडातलं मालेगाव मागे पडलं, वाशिमला गाडी बदलली आणि रिसोडच्या रस्त्याला लागलो. सोयाबीन निघून गेलेल्या रानांत हरभरा नुकता जमीन झाकू लागला होता आणि तुरी शेंगांच्या भाराने वाकल्या होत्या. हवा कोरडी, थंड, स्वच्छ. पुण्याहून आलेल्या माणसाला एवढं आभाळ एकदम बघायची सवय नसते, त्यामुळे मान दुखेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

रिठदच्या फाट्यावर मंदा उभी होतीच. माझा गुडघा बघताक्षणी तिनेही “अगं माय!” केलं आणि घरी पोचेपर्यंत तीन बायकांना तो गुडघा दाखवला. तिघींनीही आपापल्या परीने हळहळ केली. मला उगाचच आपण फार मोठ्या संकटातून आल्यासारखं वाटू लागलं.

जेवायला सोल्यांची (तुरीच्या ओल्या दाण्यांची) भाजी, ज्वारीची भाकरी आणि डोळ्यांत पाणी आणणारा ठेचा. प्रणिता वाढत होती. तिशीची, सडपातळ, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. मधेच तिने माझा गुडघा पुसून मलम लावलं आणि फुंकर घातली. फुंकर घालणारी नर्स मी तरी दवाखान्यात पाहिलेली नाही. तिची सहा वर्षांची अन्वी मांडीला चिकटून बसली होती.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर शिकवणी सुरू झाली. मी वृद्धाश्रमातली म्हातारी झाले. कण्हत कण्हत इंग्रजीत म्हणाले, की मला रात्रभर झोप लागली नाही.

“अलास!” प्रणिता म्हणाली.

मी हसू दाबलं. “हे कुठून आणलंस?”

“पुस्तकातून. अलास, ही इज डेड.” ती गोंधळली. “मावशी, आमाले शाळेत दोनच शिकवले. जिंकलं का हुर्रे, मेलं का अलास.”

आता हसू दाबता येईना. ती पण हसली, मंदा तर पदर तोंडाला लावून डोलायलाच लागली. पण मग मला कळलं, पहिल्या मुलाखतीत काय झालं असेल ते. जिंकणं आणि मरणं यांच्यामधलं अख्खं आयुष्य आपल्या केवलप्रयोगी अव्ययांच्या धड्यात नसतंच. गुडघा दुखणं नाही, झोप न लागणं नाही, चहा सांडणं नाही. समोर कोणी मेलं नव्हतं, म्हणून बिचारी प्रत्येक दुखण्याला नुसतं “ओके” म्हणत गेली होती.

मग आम्ही नव्याने मांडामांड केली. म्हातारीशी बोलताना “ओ डिअर” चालतं, हळू आवाजात. मुलाखत घेणाऱ्या मोठ्या बाईंशी बोलताना ते नको, तिथे पूर्ण वाक्य, “आय ॲम सॉरी टु हिअर दॅट.” मोबाइलवरून उचललेलं “वॉव” मैत्रिणींसाठी ठेवायचं. आणि “ऊप्स” तर आश्रमाच्या दारातही न्यायचं नाही.

“काहून?”

“सुई टोचताना ऊप्स म्हणणारी नर्स तुला चालेल का?”

“नाही वं माय!” ती म्हणाली.

सगळं जमत गेलं, एक सोडून. जरा दुःखाची गोष्ट आली, की तिच्या तोंडातून “च्च्” निघायचंच. मी बजावलं, की तिकडे हा आवाज म्हणजे टोमणा, तू चुकलीस असं म्हणणं. तिने मान डोलावली आणि पुढच्या दुखण्याला पुन्हा “च्च्” केलं. ओठ घट्ट मिटून पाहिलं, तर चेहरा असा कडक झाला की मलाच तिची भीती वाटली.

संध्याकाळी मी दमले, म्हणून मंदाला म्हातारी केलं. तिने वऱ्हाडीत रडगाणं गायचं, प्रणिताने इंग्रजीत उत्तर द्यायचं. मंदाने आधी कंबर दुखवली, मग दात. प्रणिताची उत्तरं झकास आली. मग मंदा तूर निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, “सून दूर देशी चालली माही. दोन वर्सं येत नाही म्हणते. नात आईच्या नावानं रडली तं मी तिले काय सांगू?”

प्रणिता “ओ” एवढंच म्हणाली. पुढचं “डिअर” आलंच नाही.

“मंग? बोल ना,” मंदा म्हणाली. “असं अडकली तं तिकडं कसं होईन तुहं?”

“आई, तुमीच तं म्हणता जाय म्हणून.”

“हाव, मीच म्हणते. मी नाही जाऊ शकली कुठी. तू जाय.” आणि ती सूप उचलून आत गेली. मी तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं.

मुलाखत दुसऱ्या दिवशी दुपारी होती. नेटवर्क फक्त स्लॅबवर (गच्चीवर) मिळतं, म्हणून तिथे खुर्ची, स्टूल आणि मागे चादर बांधून बैठक केली. अन्वीला शेजारी पाठवलं. सगळं बेताप्रमाणे चाललं असताना शेवग्याच्या झाडावरून वानरांची टोळी स्लॅबवर उतरली. एरवी मंदाने “हाड! हाड!” करून गाव डोक्यावर घेतलं असतं. पण आता आवाज करायची सोय नव्हती. आम्ही दोघी म्हाताऱ्या हातात काठ्या घेऊन, डोळे वटारून, अवाक्षर न काढता वानरांमागे धावत होतो. वानरं पण चक्रावली असावीत.

आम्ही धापा टाकत जिन्यात बसलो तेव्हा वरून परदेशी बाईंचा आवाज आला. मुलाखतीपुरत्या त्या रुग्ण झाल्या होत्या. म्हणत होत्या, माझी मुलं दूर राहतात, नाताळला पण कोणी येत नाही.

आणि स्पष्ट ऐकू आलं, “च्च्.”

मी कपाळाला हात लावला. बाई थांबल्या. माझं काही चुकलं का, असं त्यांनी विचारलं.

“नो, नो. सॉरी,” प्रणिता म्हणाली. “इन अवर प्लेस, धिस साउंड मीन्स… आय ऑल्सो फील पेन.” मग तिचा हळू आवाज आला, “ओ डिअर. सिन्स व्हेन दे आर नॉट कमिंग?”

वाक्य चुकलं होतं. माझ्यातली मास्तरीण कळवळली. पण वर त्या बाई बोलायला लागल्या होत्या आणि थांबत नव्हत्या. मंदाला इंग्रजी पुरेसं येतं, तिने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

दुसऱ्या दिवशी मी निघाले. मंदाने सोल्यांची पिशवी बांधून दिली, प्रणिता वाकून पाया पडली. “परत येजो मावशी,” म्हणाली. निकालाचा विषय कोणी काढला नाही.

अकोल्याच्या फलाटावर गाडीची वाट बघत बसले होते. भावना योग्य शब्दांत मांडता आली पाहिजे, असं मी आयुष्यभर वर्गात सांगत आले, आणि चार शब्द शिकवायला एवढ्या लांब येऊन गेले, याचं मला बरं वाटत होतं. तेवढ्यात मंदाचा फोन आला.

“निवडली तिले,” ती म्हणाली.

“अगं वा! वा वा!” मी ओरडले. आजूबाजूचे लोक बघायला लागले.

मंदा हळूच म्हणाली, “ती चुलीपाशी बसून रडून राह्यली. अन्वीले पोटाशी धरून. मी तिले जाऊन काय म्हणू?”

“इंग्रजीत?” मी वेड्यासारखं विचारलं.

“मराठीत वं.”

मी म्हणाले, “काही नको म्हणू मंदा. जवळ जाऊन बस.”

तिने फोन कट केला नाही, तसाच कुठेतरी ठेवला. पावलं ऐकू आली, पाट सरकल्याचा आवाज आला. मग कोणीच काही बोललं नाही. गाडी फलाटाला लागली, लोक चढू लागले, तरी मी फोन कानाला लावून उभी होते.