देवाच्या टेबलावरची गिलकी

गावाकडे माझी माय आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात कापणी करत राहिली. ज्वारी कापली, गहू कापला, पण एक कणीसही तिचं स्वतःचं नव्हतं. सुरतला आलो तेव्हा तर कापायला शेतही उरलं नाही. बाबा पलसाण्याच्या मिलमध्ये रंगाच्या वाफेत उभे राहत आणि माय नवागामच्या भाड्याच्या खोलीत साड्यांचे धागे कापत बसे. पाऊस जोरात आला की साड्या खाटेवर चढत आणि आम्ही खाली.

आमचं चर्च म्हणजे लूमच्या शेडवरचे दोन हॉल. खाली खटखट, वर स्तुतिगीत. आमची मंडळी ‘आमेन’सुद्धा लूमच्या तालावर म्हणायची. नोव्हेंबरात कापणीचा सण यायचा आणि टेबल भोपळ्यांनी, उसांनी भरायचं. सगळं बाजारातलं! मायला ते पटत नसे. पिशवीत भाजी घेऊन ती खालमानेनं जायची आणि येताना म्हणायची, "इकत आनेल पीक कसानं पीक? एकदा तरी मन्हा हातनं ठेवसू."

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा बाबांनी मिलमधून एक रिकामा ड्रम अर्धा कापून आणला. तीन दिवस धुतला, तीन दिवस लाल पाणी निघालं. मायला त्यात गिलकी, म्हणजे घोसाळी, लावायची होती; तिला भीती, तीही लाल येतील. जूनमध्ये गच्चीवर बी पेरलं. वेल असा सुटला की घरमालकाच्या टीव्हीच्या डिशवर चढून बसला. पिवळी फुलं आली, रोज आली, रोज गळाली.

मी फुलं उलटीपालटी करून पाहिली आणि कारण सापडलं तशा उड्याच मारल्या: परागकण मादीफुलापर्यंत पोचतच नव्हते. चौथ्या मजल्यावर, त्या धुरात मधमाशी येणार कुठून? दुसऱ्या दिवशी सकाळी मी नरफूल तोडलं आणि मादीफुलावर हळूच फिरवलं. माय मागे उभी.

"हाई काय करी ऱ्हायनी वं तू?"

"लग्न लावतेय, माय."

"कॉलेजमा हाईच शिकाडतस का?" म्हणत ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. मग तिनंच दुसरं फूल उचललं.

आठवड्यात करंगळीएवढी गिलकी लटकली. सात! माय रोज मोजायची, जणू ती रात्रीतून पळून जातील. पण आमच्यात पहिलं फळ आधी देवाला. सण दोन महिने लांब, आणि माय एकाही गिलक्याला हात लावू देईना. बाबा भाकरी हातात घेऊन वेलाखाली उभे राहत. "देव काय एकलाच खाई का सातही गिलकी?"

गिलकी फुगली, पिवळी पडली, मग तपकिरी होऊन खडखडीत वाळली. वनस्पतिशास्त्र शिकणारी मी रोज बघत होते, आणि वाढतायत म्हणून खूश होते! एवढी शिकलेली आणि एवढी बावळट.

सणाच्या रविवारी मायनं ती सात वाळकी गिलकी पदराखालून काढून टेबलावर ठेवली. दरवर्षी सगळ्यांत मोठा भोपळा आणणारी एक मावशी पुढच्याच बाकावर होती. ती ओरडली, "काय वं बाई, पाळकसाहेबले आंग घासाले आनं का?"

वाळलं गिलकं म्हणजे अंघोळीची घासणीच; अख्खा हॉल हसला. मायचा चेहरा पडला. ती गिलकी परत घ्यायला वाकली, तोच पाळकसाहेबांनी एक उचलून कानाशी हलवलं. खुळखुळ! त्यांनी टोक मोडलं आणि पांढऱ्या चादरीवर काळ्या बिया धो धो सांडल्या.

"बेन," ते त्यांच्या गुजरातीमिश्रित मराठीत म्हणाले, "आ तो बियारण छे, बियाणं! सगळ्यांनी बाजार आणला, तुम्ही पुढचं पीक आणलंत."

उपासना संपल्यावर बियांसाठी जी झुंबड उडाली! पहिली मूठ मावशीनं भरली, वर मलाच विचारते, "बी कधी पेरू वं, सायन्सवाली?" मी दिवस उलटे मोजून सांगितलं: ऑगस्टच्या शेवटी, म्हणजे सणाला कोवळी मिळतील.

पुढच्या वर्षी मी डिंडोलीपर्यंत गच्च्या पालथ्या घातल्या. सकाळी सहाला बायका फुलं हातात घेऊन माझी वाट बघायच्या. चर्चला कधी न येणाऱ्या दोन शेजारणीही बी मागायला आल्या आणि सणाला गिलकी घेऊन मावशीशेजारी बसल्या. मावशीचं गिलकं वाकडं आलं होतं. तिनं ते तान्ह्या बाळासारखं दुपट्यात गुंडाळून आणलं आणि कुणाला हसू दिलं नाही.

त्या वर्षी टेबलावर बाजारची एकही भाजी नव्हती. मी आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट झाले होते. आणि माझ्या मायनं स्वतःचं पीक स्वतःच्या हातानं कापून, हिरवंगार, देवापुढे ठेवलं.