मखमलीतल्या सात सुऱ्या

ती केस आजही डोळ्यांसमोर येते, आणि दरवेळी आधी आठवतो तो उजेड. दुपारचा, केळीच्या पानांतून गाळून आलेला, हिरवट. निवृत्तीला किती वर्षं झाली, पण जेवून जरा आडवा झालो की कधीकधी पुन्हा त्याच उजेडात जाऊन पोचतो. पाटाचं पाणी वाहत असतं, लांब कुठेतरी रहाट कुरकुरत असतो, आणि एक म्हातारा माझ्यापुढं लाल मखमलीची घडी हळूहळू उलगडत असतो. बायको म्हणते, तुम्ही झोपेत हसता. हसत असेन.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. वसईला फौजदार म्हणून नेमणूक झाली होती. मी घाटावरचा माणूस; खारी हवा आणि मासळीचा वास अंगी लागायला वर्ष गेलं. तोंडही फटकळ होतं. खोटं कशाला सांगू, तेव्हा माझ्या तोंडातून शिवी आधी यायची आणि प्रश्न मागून. नावं मात्र कुणाचीच लिहिणार नाही. त्यांची मुलंबाळं अजून तिथंच नांदताहेत.

उमेळ्याच्या बाजूला दोन वाड्यांमधून जाणारी एक पायवाट होती. एका दुपारी तिथं जमिनीचा एक दलाल रक्ताच्या थारोळ्यात सापडला. बरगडीखाली घाव, धारदार हत्याराचा. इस्पितळात नेला, जीव होता, पण शुद्ध नव्हती. बागायती मोडून इमारती उठवायचे ते दिवस नुकते सुरू झाले होते, आणि हा गडी घरोघर फिरून वाड्या विकायला लावायचा. म्हणजे त्याच्यावर चिडलेली माणसं शोधायला आम्हाला लांब जायची गरज नव्हती. खुनाच्या प्रयत्नाचं कलम ३०७ लावलं, पंचनामा केला, हत्यार मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्याच्या टपालात एक निनावी चिठ्ठी आली. ‘पायवाटेपलीकडच्या वाडीवाल्याच्या कपाटात लाल मखमलीत सात विलायती सुऱ्या आहेत. बघून घ्या.’ बस, एवढंच.

माझे हवालदार तिकडचेच, मिठागरांकडच्या गावातले. चिठ्ठी वाचून त्यांनी मान हलवली. “सायब, तो म्हातारा? त्याच्या हातून कोंबडी नाय मरायची. कोन काय लिवतं!”

“हवालदार, माणूस मारायला कोंबडीचा अनुभव लागत नाही,” मी म्हणालो आणि जीपला धक्का मारायला लावला. आमची जीप धक्क्याशिवाय कधी सुरू झाल्याचं मला आठवत नाही.

म्हातारा साठीचा असेल. केळी, पानवेली, थोडी फुलं, अशी वाडी. घरात तो आणि बायको, दोघंच; मुली सासरी. आम्ही झडतीला आलोय म्हटल्यावर एखादा घाबरला असता. ह्यानं कमरेच्या करगोट्याला बांधलेली चावी काढली, कपाट उघडलं आणि हात धुऊन, पुसून मग मखमलीला हात लावला. माझ्या सबंध नोकरीत इतक्या आनंदानं झडती देणारा माणूस मी पाहिला नाही.

सात सुऱ्या होत्या. एकीचं पातं निळसर, एकीची मूठ शिंगाची, एक बोटाएवढी, एक हातभर लांब. पापडीचा त्याचा लहानपणचा मित्र बोटीवर खानसामा होता. दर सफरीहून येताना एक सुरी आणायचा. सात सफरी, सात सुऱ्या. आठव्या सफरीला गेला तो तिकडंच आजारी पडून वारला.

“ही जपानची. ही जर्मनीची, हिचं पोलाद वेगळं. चार नंबरची कुठली ते मात्र त्यानं सांगितलं नाय, म्हणाला पुढच्या खेपेला सांगतो.” म्हातारा प्रत्येक सुरी फडक्यानं धरून उजेडाकडं तिरकी करायचा आणि छतावर कवडसा नाचायचा. पंचनाम्याला सोबत आणलेले दोन्ही पंच चांगली शहाणीसुरती माणसं, तीही तो कवडसा बघत माना वर करून उभी. मीसुद्धा. आम्ही गुन्ह्याच्या तपासाला आलोय हे दोन मिनिटं कुणाच्या ध्यानात नव्हतं.

“ह्यांनी कापता काय?” मी विचारलं.

“कापायचं?” त्याला धक्काच बसला. “काय बोलता सायब! लिंबूसुद्धा नाय कापलं. तो बिचारा म्हणायचा, वापर रे, वापरायला आणल्या. एकदा ठरवलं, पहिला घड हिनंच उतरवायचा. सुरी कमरेला लावली, वाडीच्या टोकापर्यंत गेलो. हातच होईना. चीक लागला तर काळी पडेल ना. चालत परत आलो. चांगल्या वस्तूला मुहूर्त लागतो सायब.”

“मग कधी आहे मुहूर्त?”

“बघू,” तो म्हणाला. वीस वर्षं तो बघतच होता.

पंचनामा लिहून होईतो मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. म्हातारी ओट्याशी उभी होती, चुलीवर सुरमईचं कालवण रटरटत होतं. भिंतीला विळी उभी करून ठेवलेली. तिच्या पात्यावर तांबूस गंज चढला होता आणि पाटाच्या कडेला कोळ्यानं जाळं केलं होतं. डोळ्यांनी ते टिपलं, डोकं मात्र सुऱ्यांतच होतं. पाणी प्यालो आणि बाहेर आलो.

म्हाताऱ्याला सुऱ्यांसकट ठाण्यात आणलं आणि एकेक सुरी भिंगाखाली पाहिली. सहा कोऱ्या करकरीत. चार नंबरच्या सुरीचं पातं मुठीत शिरतं त्या फटीत मात्र तपकिरी रेघ होती. वाळलेलं रक्त. मी सुरी म्हाताऱ्यापुढं धरली.

“लिंबू नाही कापलंत ना? मग हे काय, कुंकू?”

तो फटीकडं बघत राहिला. मग हळूच विचारलं, “सायब, त्या दलालाला नेमकं किती वाजता मारलं?”

“तीनच्या सुमारास. तुम्ही कुठं होता?”

“झोपलो होतो.”

“आणि बाई?”

त्यानं खांद्यावरच्या पंच्याला हात पुसले.   मग म्हणाला, “मीच मारलं. लिहून घ्या.”

मला काय, आनंदच झाला. दुसऱ्याच दिवशी गुन्हा उघड! स्टेशन डायरीत नोंद केली, वरिष्ठांना फोन लावला, म्हाताऱ्याला लॉकअपमध्ये बसवला. चार नंबरची सुरी लाखेचं सील करून रासायनिक तपासणीला पाठवली. कोर्टात दोष शाबित झाला असता तर त्या वयाच्या माणसाला तुरुंगातून परत येणं कठीणच होतं, आणि हे त्यालाही कळत होतं.

सकाळी डोकं जरा थंड झालं. पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही, हे तर पहिल्या वर्षाचा पोरगाही जाणतो. तेव्हा घटना कशी घडली ते त्याच्याकडून वदवून घ्यायला बसलो. बाकीच्या सहांतली एक सुरी पुढं ठेवली. “दाखवा, कशी मारली?”

म्हाताऱ्यानं खांद्यावरचा पंचा काढला, सुरीची मूठ पंच्यात गुंडाळली आणि दोन बोटांत धरून उचलली. लहान मुलाच्या हातात काचेचं भांडं द्यावं तसा तो उभा होता. पुढं काय करायचं हे त्याला माहीतच नव्हतं.

“अहो, भोसकताना मुठीला डाग पडेल म्हणून पंचा गुंडाळला होता का?” मी ओरडलो. हवालदार तोंड फिरवून हसले. म्हातारा हसला नाही. “मीच मारलं,” एवढंच पुन्हा म्हणाला. आणि तेव्हा मला पक्कं कळलं की हा खोटं बोलतोय. स्वतःला अडकवायला माणूस खोटं बोलतो ते फक्त कुणासाठी तरी.

कपाटाच्या चाव्या दोन. एक ह्याच्या कमरेला, दुसरी बायकोच्या. डोळे मिटून बसलो, आणि ते स्वयंपाकघर जसंच्या तसं समोर आलं. कालवणाची वाफ, ओट्याशी उभी म्हातारी, भिंतीला गंजलेली विळी. रोज मासळी शिजणाऱ्या घरात विळीला गंज चढेलच कसा? मग ती सुरमई कापली कशानं?

दुपारी म्हातारी जेवणाचा डबा घेऊन आली. पायऱ्या चढताना दर पायरीला थांबत होती. मी तिला व्हरांड्यात खुर्ची दिली आणि सरळ विचारलं, “बाई, तुमच्या विळीला गंज का चढला?”

तिनं आधी लॉकअपकडं पाहिलं, मग माझ्याकडं. डोळे भरून आले. “ह्यांना सांगू नका, सायब.”

“काय ते सांगा. ते आत बसलेत खुनी हल्ल्याच्या आरोपाखाली.”

“माजे गुडगे गेले. खाली बसलं का उठता येत नाय. चार वर्सं झाली. विळीवर बसायचं कसं? म्हणून ओट्याशी उभ्यानंच… ती चार नंबरची. हे माल घेऊन बाजारात गेले का काढायची, कापायची, धुवायची, तेल लावून परत मखमलीत. सुरमईचं रक्त हाय ते, सायब. मुठीच्या फटीत फडका जात नाय.”

“मग नवऱ्याला का नाही सांगितलं?”

“काय सांगू? त्यांचा जीव त्या सुऱ्यांत. आणि गुडगे सांगितले तर वाडी विकतील. दलाल तेच तर बोलायचा, बाईला आता झेपत नाय, विकून टाका. मलाच विकायची नाय वाडी.”

तोंडी सांगणं म्हणजे पुरावा नव्हे. हवालदारांना बाजारात पिटाळून सुरमई आणवली, व्हरांड्यातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि तिच्या हातात दुसरी एक सुरी दिली. बाईनं एकदा अंगठ्यानं धार पाहिली, नाक मुरडलं. “ही जाड हाय. चार नंबरची पातळ, जरा वाकते. काट्यावरून सरसर जाते.” पण तिनं त्याही सुरीनं बघता बघता मासा साफ केला, तुकड्या पाडल्या, एकसारख्या. उभ्यानं. सबंध ठाणं गोळा झालं होतं. हात कुठंही अडला नाही.

लॉकअपच्या गजांतून म्हातारा सगळं बघत होता. मी दार उघडायला लावलं.

“आता बोला. कबूल कशाला केलंत?”

त्यानं मान खाली घातली. “चावी आमच्या दोघांकडंच. मी झोपलेलो, ही वाडीत. आणि आठ दिवसांमागं हीच त्या दलालाला म्हणाली होती, पुन्हा पाय ठेवलास तर कापून काढीन. रक्त बघितलं आणि मना वाटलं…”

“काय वाटलं?” म्हातारी खुर्चीतून उठलीच, गुडघे विसरून. “मी मानूस मारला? अहो, चाळीस वर्सं संसार केला तुमच्याबरोबर! त्यातल्या एकाही दिवशी तुमाला मारलं नाय, ते त्या मेल्याला कशाला मारीन?”

ठाणे अंमलदारानं पेन खाली ठेवलं आणि मोकळेपणानं हसून घेतलं. मीही हसलो. म्हातारा मात्र रडत होता. रडता रडता त्यानं बायकोच्या हातातली सुरी हळूच काढून टेबलावर ठेवली आणि तिला खुर्चीत बसवलं. मग तिच्याजवळ वाकून विचारलं, “चार नंबरची कापते कशी गं?”

“लोण्यासारखी,” ती डोळे पुसत म्हणाली.

त्याला त्या सुरीचं सगळं माहीत होतं, वजन, लांबी, किती सालची. वीस वर्षांत एवढंच कळायचं राहिलं होतं.

पुढचं काम सोपं होतं. चिठ्ठी लिहिणाऱ्याला मखमलीचा रंग ठाऊक होता. त्या सुऱ्या बाहेरच्या कुणी कुणी पाहिल्यात, मी नवरा-बायकोला विचारलं. दोघांनीच, म्हातारा म्हणाला. वाडीचं बोलायला आले तेव्हा दलाल आणि त्याचा भागीदार, दोघांना कौतुकानं दाखवल्या होत्या. त्यांचं ऑफिस माणिकपूरला. भागीदाराचं अक्षर मागवलं, चिठ्ठीशी जुळलं. उचलून आणला तर पहिल्या तासात घाम फुटला आणि पैशाच्या वाटणीवरून भांडण झाल्याचं, सुरा एका बावखलात, म्हणजे वाडीतल्या तळ्यात, टाकल्याचं बोलला. तळ्यातून तो काढला. चौथ्या दिवशी दलाल शुद्धीवर आला, त्यानंही तेच नाव घेतलं. रासायनिक तपासणीचा अहवाल महिन्यानं आला: रक्त माणसाचं नाही, माशाचं.

म्हाताऱ्याविरुद्ध पुरावा नाही असा अहवाल मी कोर्टात दिला. मुद्देमाल परत न्यायला दोघं आले, तेव्हा त्यानं सहा सुऱ्या मखमलीत गुंडाळल्या आणि उरलेली, चार नंबरची, बायकोच्या पिशवीत टाकली. भाजीच्या पिशवीत, वांग्यांवर. मुहूर्त विचारायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं, पण नाही विचारलं. जाताना पायऱ्यांवर त्यानं तिचा दंड धरला होता.

ह्या केसनं काय शिकवलं, असं पुढं प्रशिक्षणाला आलेली पोरं विचारायची. मी त्यांना विळीचं सांगायचो, की झडतीत कपाटाइतकंच स्वयंपाकघरही बघा. खरं जे शिकलो ते त्यांना कधी सांगितलं नाही, ते आज लिहितो.

म्हाताऱ्याला सोडलं त्या दिवशी मी घरी लवकर गेलो. बायको विळीवर बसून भाजी चिरत होती. माझी चाहूल लागल्यावर चहा ठेवायला उठली. आधी एक हात जमिनीला टेकवला, मग दुसरा भिंतीला, आणि थोडा वेळ तशीच ओणवी राहिली. रोज अशीच उठत असणार. मी कपाटात पिस्तूल ठेवत उभा होतो, जे रोज पुसायचो आणि अख्ख्या नोकरीत एकदाही झाडलं नाही.

“गुडघे दुखतात का गं?” मी विचारलं.

तिनं वळून माझ्याकडं पाहिलं. 

“तीन वर्षं झाली,” ती म्हणाली.