घशाची गोळी

लासुर्ण्याला असताना माझ्या धाकट्या जावेचा घसा सुजला, ताप आला. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. दुपारी पहिली गोळी घेतल्यावर थोड्याच वेळात तिच्या अंगावर लाल गांधी उठल्या. उष्णता असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं. मग तिचे ओठ सुजले.

"आक्का, श्वास घ्याया येत न्हाय," ती म्हणाली.

शेजाऱ्यांच्या जीपमधून आम्ही बारामती गाठली. वाटभर मी तिच्या छातीवर हात ठेवून श्वास चालू आहे का, एवढंच बघत होते.

तिथल्या डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन दिलं. तासाभरानं तिला मोकळा श्वास येऊ लागला.

"गोळीची ॲलर्जी आहे. हे औषध पुन्हा कधीच द्यायचं नाही," डॉक्टर म्हणाले.

गोळीचं नाव मी कागदावर लिहून घेतलं. त्यानंतर कुठलीही नवी गोळी ती घ्यायची, तेव्हा मी तासभर तिच्या ओठांकडे बघत बसायचे.