टर्बो इंजिन आणि चार बोटं पदर

परवा शनिवारी गाडी बुक करायला गेलो होतो... म्हणजे गाडी ठरलेलीच होती, रंगही ठरला होता. अडलं होतं फक्त इंजिनावर.

साधं पेट्रोल घ्यायचं की टर्बो? फरक दीड लाखाच्या वर. महिनाभर मी रिव्ह्यूचे इतके व्हिडिओ पाहिले की बायको, वैशाली, एकदा वैतागून म्हणाली, "बेसा ते ऑफिस अकरा सिग्नल लागतात. टर्बोले काय हिरवाच सिग्नल भेटते का?"

तिचं म्हणणं सरळ होतं. तेवढ्या पैशात खाली पार्किंगला लागून बाबांसाठी एक खोली निघते. बाबा उमरेडला एकटे राहतात, गुडघे पार गेलेत आणि आम्ही नागपुरात बेसाला राहतो, पहिल्या मजल्यावर. जिना नको म्हणून ते येऊन राहायला तयार नाहीत.

पटत होतं मला. तरी मी टर्बोवरच अडून बसलो होतो... आणि का, ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी बाबांचा फोन आला. आईच्या छातीत दुखत होतं. मी माझी जुनी छोटी गाडी काढून उमरेड गाठलं आणि आईला मागच्या सीटवर निजवून, बाबांना शेजारी घेऊन नागपूरकडे निघालो.

रस्त्याचं काम चालू होतं, वाहतूक एकाच बाजूने. पुढे कोळशाचे ट्रक. एसी बंद करायचा, गिअर खाली टाकायचा, ॲक्सिलरेटर पार दाबायचा... आणि समोरून गाडी दिसली की पुन्हा ट्रकच्या मागे. किती वेळा तरी तसं केलं. मागे आई डोळे मिटून पडून होती.

दवाखान्यात डॉक्टर एवढंच म्हणाले, "थोडं आधी आणायला हवं होतं."

ते वाक्य माझ्या डोक्यातून कधी गेलंच नाही. आई गेली ती माझ्या गाडीत दम नव्हता म्हणून, असं मी धरूनच चाललो होतो. आता बाबा तिकडे एकटे. पुन्हा असा फोन आला तर...

शनिवारी बाबा डोळे दाखवायला नागपुरात आले होते, म्हणून त्यांनाही शोरूमला सोबत नेलं. टेस्ट ड्राइव्हला मी मुद्दाम उमरेड रोड धरला. पुढे ट्रक दिसला, पाय दाबला... आणि ट्रक मागे पडलासुद्धा. एसी चालू असताना!

इतकं सोपं होतं हे? माझे डोळे भरून आले. शेजारी बाबा वरचं हँडल घट्ट धरून बसले होते.

शोरूमला परतल्यावर सेल्समन कोटेशन काढायला आत गेला. आम्ही दोघं सोफ्यावर.

"एवढं जोराचं इंजन कायले पायजे गा तुले?" बाबांनी विचारलं.

मग मात्र मला राहवलं नाही. म्हटलं, "बाबा, त्या दिवशी ही गाडी असती तर आई वाचली असती."

बाबा हळू आवाजात म्हणाले, "तुह्या गाडीनं उशीर नाही झाला, बापू. म्या केला."

आमचं घर विणकराचं. समोरच्या खोलीत हातमाग. आई सूत गुंडाळून कांड्या भरायची, बाबा विणायचे. साडीचा पदर लावला की मधेच उठायचं नाही, हा त्यांचा जन्माचा नियम. उठून परत बसलं की हाताचा ठोका बदलतो आणि कापडात आडवी रेघ उमटते.

"सकाळपासूनच दुखून राहिलं होतं तिले. मी म्हटलं, पदर पुरा होऊ दे, मंग बापूले फोन लावतो. तिनंच कांड्या भरून देल्ल्या... एका हातानं छाती धरून. चार बोटं पदर राहिला होता, तवा ती खाली बसली. मंग उठलो मी."

खोटं कशाला बोलू, क्षणभर भयंकर राग आला. मग त्यांच्या हातांकडे लक्ष गेलं. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते, शाळेत मार बसेल म्हणून पोरं बसतात तसे. दोन वर्षं हा माणूस त्याच खोलीत, त्याच मागासमोर एकटा राहत होता. आणि मला वाटत होतं, अडचण जिन्याची आहे.

सेल्समन कोटेशन घेऊन आला. मी म्हटलं, साधं इंजिन द्या.

काल, रविवारी, बाबांचं सामान आणायला उमरेडला गेलो. खोली होईपर्यंत वर आमच्यातच राहायचं, मी हात धरून जिना चढवीन, असं ठरलंय. निघताना त्यांनी पेटीतून ती साडी काढली. तेरवीनंतर पुरी केली, पण विकली नाही. माझं बोट धरून त्यांनी पदराच्या टोकाजवळ टेकवलं... बारीकशी आडवी रेघ. एरवी मला दिसलीही नसती.

"याच्यासाठी थांबलो होतो गा मी. ही रेघ येऊ नये म्हून. आलीच ना शेवटी."

मी त्यांना जवळ घेतलं. मोठा झाल्यापासून पहिल्यांदाच.

येताना जुनीच गाडी होती, नवीन यायला वेळ आहे. पुढे कोळशाचा ट्रक आला. बाबा साडी मांडीवर घेऊन शेजारी बसले होते. म्हणाले, "काढ पुढं. बंद कर एसी."

मी म्हटलं, "राहू द्या बाबा. आता कुठं पोचायची घाई आहे?"

बेसा येईपर्यंत त्या ट्रकच्या मागेच राहिलो, एसी चालू ठेवून. बाबांना झोप लागली होती... मनात म्हटलं, सांगितलंत ते फार बरं केलंत, बाबा.